नातीऐवजी आलेला डबा

९ जानेवारी

फसवलंय मला. ‘आजी आणि नात, दोघींची तपासणी’ असं सांगून सही घेतली, आणि नात आलीच नाही. आला डबा. पांढरा, थर्माकोलचा, आत बर्फाच्या पिशव्या आणि दोन नळ्या. प्रत्येक नळीच्या झाकणाला आतून इवलासा चमचा. तो कशासाठी हे त्या हॉस्पिटलच्या मुलीनं इतक्या गोड आवाजात सांगायला घेतलं, की मला वाटलं औषध घ्यायचा असेल. औषध कसलं! आपणच आपल्या शीतून चमचाभर उचलायचं, नळीत घालायचं आणि घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं.

मी विचारलं, "आणि नात कधी येणार?"

"त्यांचा डबा त्यांच्या घरी पाठवलाय, आजी. त्यांना इथे यायची गरज नाही."

गरज नाही म्हणे! मग माझी सही कशाला लागली होती?

तिचं नाव गळ्यातल्या पट्टीवर होतं, पण माझा चष्मा आत राहिला होता. मी तिला शी-बाई म्हणते. मनात. तोंडावर ‘बाई’.

मुलानं ऑफिसातून आणलेली डायरी दिलीय. शी-बाईचा छापील कागद वेगळा, त्यावर रोज काय खाल्लं ते लिहायचं. चौकोन एवढे बारीक की माझा ‘भात’ एका चौकोनात मावत नाही. तिसरीपर्यंतच्या शाळेत अक्षर मोठं काढायलाच शिकवलं होतं. म्हणून खाल्लेलं तिच्या कागदावर, बाकीचं इथे.

१० जानेवारी

सून फुगलीय. फ्रीजरमध्ये तिचे मटार आहेत, आइस्क्रीम आहे, आणि आता त्यांच्या शेजारी माझी नळी बसणार.

"अहो आई, हे असलं घरात ठेवतात का कुठे?"

"ठेवायचं तिथेच होतं इतके दिवस," मी म्हटलं. "माझ्या पोटात. तेही घरातच होतं ना?"

मुलगा हसला. सून नाही हसली. तिनं मटार खालच्या कप्प्यात नेले आणि नळीच्या जागेभोवती प्लास्टिकच्या तीन पिशव्या अंथरल्या. बिचारीचं चुकलं नाही, पण मी तसं म्हणणार नाही.

शी-बाईनं काल समजावलं ते लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. प्रत्येकाच्या पोटात जंतू असतात. वाईट नव्हेत, घरचेच म्हणायचे. अन्न पचवतात, आतड्याची राखण करतात. काही आजारांत हे जंतू बदललेले दिसतात. भिंगरीला, माझ्या नातीला, तसलाच आजार. मोठ्या आतड्याला जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून कितीदा धावावं लागतं त्याला गणती नाही. म्हणून ही मंडळी आजारी माणसाचं आणि त्याच्याच घरच्या निरोगी माणसाचं असं दोन्ही घेऊन ताडून बघतात.

निरोगी माणूस म्हणजे मी. गुडघे तिनं बघितलेले नाहीत.

भिंगरी माझ्या थोरल्या लेकीची, थोरलीची मुलगी. पाळण्यातून उतरली ती एका जागी कधी बसलीच नाही, म्हणून भिंगरी. थोरली तेव्हा नोकरीसाठी लांब. दूध तुटल्यापासून पाचवीत जाईपर्यंत पोर माझ्याकडे, माझ्याच अंथरुणात. मग थोरलीनं दुसऱ्या शहरात घर घेतलं आणि तिला नेली. नेली ते बरंच केलं. मुलगी आईजवळच असावी. मला त्याचं काही नाही.

१२ जानेवारी

उद्या नळी भरायची. तयारी झालीय.

जन्म हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेला माझा. चादर परत वॉर्डात पाठवायची तर कशी पाठवायची हे मला कोणी शिकवायला नको. आणि इथे तर दूरदूरचे डॉक्टर काच लावून बघणार. त्यांच्यापुढे आहे तसंच ठेवायचं? दोन दिवसांपूर्वी जुलाबाचं औषध घेतलं, पोट धुऊन काढलं. दाढ काढली तेव्हाच्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या, त्याही सकाळ-संध्याकाळ घेतल्या, आतली घाण मरावी म्हणून. खायला फक्त मऊ भात. कागदावर ‘भात, भात, भात’ असं लिहिलंय. अक्षरही बरं आलंय.

भिंगरीचा डबा माझ्या डब्याशेजारी ठेवून बघतील. माझ्याकडून तरी तिला कमीपणा यायला नको.

१४ जानेवारी

शी-बाई आली, नळी घेऊन गेली. हातमोजे घालून, मान डोलावत. "छान केलंत आजी," म्हणाली. मी काय सांगत होते!

चहा दिला. तिनं तो घेतला, म्हणजे मुलगी बरी आहे. मग विचारलं, "माझ्या नातीचं आलं का?"

"आलं."

"कशी आहे ती? बारीक झालीय का?"

"ते मला नाही सांगता येत, आजी. आमच्याकडे नावच नसतं, नुसता नंबर असतो. आणि कळलं तरी एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा नियम आहे."

"मी काय दुसरी आहे?"

ती चष्मा पुसत बसली.

असा कारभार. पोरीच्या पोटात काय काय आहे ते सगळं यांना ठाऊक, आणि ती जेवते का, एवढं मेलं सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी

थोरलीला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. हवा, पाणी, माझे गुडघे. मग म्हटलं, "दे जरा तिला."

"झोपलीय."

"आत्ता? भरदुपारी?"

"आई, तिला रात्रभर झोप नसते. झोपू दे ना."

मी म्हटलं झोपू दे. मागे कोणीतरी खोकलं. झोपलेलं माणूस खोकतंही, त्यात काही नाही.

आमचं वाजलं ते लिहून टाकते, मनात ठेवून तरी काय करायचंय. गेल्या वर्षी थोरलीनं कुठेतरी वाचलं की लहानपणी अँटिबायोटिक फार झाली की पोटातले चांगले जंतू मरतात आणि पुढे असले आजार होतात. फोनवर ओरडली, "तूच दिल्यास ना तिला वाटेल तेव्हा गोळ्या! दर महिन्याला कान, दर महिन्याला गोळी!"

वाटेल तेव्हा नाही दिल्या. कान ठणकायचा, पोर भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टर लिहून द्यायचा, मी द्यायचे. नसत्या दिल्या तर कान फुटला असता, आणि मग ‘कान का फुटू दिलास’ म्हणून ओरडली असती. मी तेच म्हटलं. ती म्हणाली, "तू कधी चुकतच नाहीस." फोन ठेवला. तेव्हापासून पोर इकडे आलेली नाही.

शी-बाईला हे काही सांगितलेलं नाही. पण तिची काच दूध का दूध, पाणी का पाणी करणार आहे. मग बघते थोरली काय म्हणते ते.

१८ फेब्रुवारी

शी-बाई आज न सांगता आली. सोबत डबा नाही. बसली, पाणी प्यायली, आणि मान खाली घालून म्हणाली, "आजी, तुमच्या नमुन्यात जवळजवळ काहीच नाही."

मी खूश. "मग! स्वच्छच असणार."

"नाही, म्हणजे... असायला हवं होतं. तुमच्या वयाच्या निरोगी बाईत शेकडो प्रकार दिसतात. तुमचं एखाद्या खूप आजारी माणसासारखं दिसतंय. मला वाटलं नमुना वाटेत गरम झाला. मग म्हटलं विचारून बघावं. तुम्ही मध्यंतरी काही औषध घेतलंत? दाताला वगैरे?"

"दाताला नाही. दाढ काढली त्याला बरेच महिने झाले. उरलेल्या गोळ्या तुमच्यासाठी घेतल्या."

"माझ्यासाठी?"

"मग! परक्या माणसापुढे ठेवायचं तर धुऊन नको का?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी वाटलं रडतेय. हसत होती. मग हसता हसता खरंच डोळे पुसले तिनं. सून दारात उभी होती, तीही हसली. मी नाही हसले. मला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही.

मग कळलं ते असं. त्या गोळ्यांनी माझे घरचे जंतू मारून टाकले, जुलाबानं उरलेसुरले वाहून नेले. आता पोट पूर्वीसारखं भरायला तीन महिने तरी लागणार, कदाचित जास्त. तोवर माझा नमुना निरुपयोगी. आणि माझा निरुपयोगी म्हणून भिंगरीचाही बाजूला ठेवावा लागणार, कारण दोन्ही एका वेळचे लागतात. तिला पुन्हा द्यावा लागणार.

"तिला सांगाल का, की माझ्यामुळे?" मी विचारलं.

"फक्त एवढंच सांगू, की पुन्हा लागतोय."

"नको. सांगा माझ्यामुळे म्हणून. उगाच ती बिचारी समजेल तिचंच काही चुकलं."

१९ फेब्रुवारी

सुनेनं फ्रीजरमधल्या तिन्ही पिशव्या घडी करून ठेवल्या. म्हणाली, "असू द्या, पुन्हा लागतील."

११ मार्च

आता नेहमीचं खातेय. सगळं. भाजी, अंडं, दही, शिळं, ताजं. शी-बाई म्हणाली, "काही बदलू नका, जसं जगता तसं जगा." सोपं वाटतं. पण कोणी बघतंय म्हटल्यावर जसं जगतो तसं जगणं हेच अवघड. केळं उचललं की वाटतं, हे केळं मी एरवी खाल्लं असतं का?

तिला म्हटलंही ते. ती म्हणाली, "आमचा अर्धा त्रास हाच आहे, आजी." आणि बाकीचा अर्धा त्रास सांगितला. माणसाचं वय, पाणी, घरात कुत्रं आहे का, कोणाबरोबर राहतो, कधी जेवतो, कधी झोपतो, सगळ्यानं हे जंतू बदलतात. मग आजारामुळे काय बदललं आणि इतर कशानं काय, हे वेगळं कसं काढायचं?

मी म्हटलं, "मग तुम्ही पगार कशाचा घेता?"

"हे वेगळं काढायचा प्रयत्न करतो त्याचा," म्हणाली.

उत्तर देता येतं तिला. मला अशी माणसं चालतात.

७ एप्रिल

घरात कुजबुज चाललीय. मी खोलीत गेले की मुलगा फोन खिशात घालतो आणि सून डाळ निवडायला लागते. तीच डाळ सकाळपासून तिनं किती वेळा निवडली.

शेवटी मी मुलासमोर जाऊन बसले. "बोल."

"काय बोलू?"

"जे माझ्या पाठीमागे बोलतोस ते पुढे बोल."

भिंगरी हॉस्पिटलात आहे. औषधं लागू पडेनात. रक्त चढवलं. डॉक्टर म्हणतात, मोठं आतडं काढून टाकावं लागेल. शी जमायला पोटाला बाहेरून पिशवी लावतील. ती पिशवी काढायचं दुसरं ऑपरेशन काही महिन्यांनी होऊ शकतं, नाहीही होणार. ती एकोणीस वर्षांची आहे.

मी म्हटलं, "बरं."

मुलगा म्हणाला, "आई, तू रड हवं तर."

"रडून कोणाचं आतडं परत आलंय? शी-बाईला फोन लाव. ते काढून टाकल्यावर तिचा दुसरा नमुना कुठून घेणार ती?"

१५ एप्रिल

मी माझी नळी भरली. जशी आहे तशी. काही धुतलं नाही, काही घेतलं नाही. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं ते त्या डॉक्टरांना काय कळणार.

भिंगरीनंही दिली, हॉस्पिटलच्या खाटेवरून. शी-बाईची तिथली जोडीदारीण जाऊन घेऊन आली. शी-बाई म्हणाली, "तुमची नात खूप शहाणी आहे." मग एकदम जीभ चावली, नियम मोडला म्हणून. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ऐकलं.

२ मे

ऑपरेशन या महिन्यात आहे. तारीख मुलाला माहीत, मला ‘लवकरच’.

आज शी-बाई आली. हातात कागद. म्हणाली, "एरवी आम्ही एकेकाला निकाल सांगत नाही. पण तुमच्या नातीनं लिहून दिलंय, माझ्याबद्दल जे कळेल ते आजीला सांगितलं तर चालेल. थोडंसंच सांगता येईल. आणि हे सगळं कच्चं आहे, पक्कं धरू नका."

नातीनं लिहून दिलंय. मी ते दोनदा म्हणायला लावलं तिला. कान बरे नाहीत म्हटलं.

मग मी सरळ विचारलं. "गोळ्यांमुळे झालं का? तिच्या लहानपणच्या?"

"नाही सांगता येत."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"आजी, खरंच नाही सांगता येत. ज्यांनी लहानपणी खूप अँटिबायोटिक घेतली त्यांच्यात हा आजार थोडा जास्त दिसतो. पण ज्यांनी घेतली त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. आणि जी मुलं मुळातच नाजूक असतात त्यांनाच जास्त गोळ्या द्याव्या लागतात. मग गोळीनं झालं, की आधीच काही होतं म्हणून गोळी द्यावी लागली? तुम्ही धुलाईखान्यात होतात ना. चादर मळली म्हणून माणूस आजारी पडला, की माणूस आजारी पडला म्हणून चादर मळली?"

"आम्ही विचारत बसत नव्हतो," मी म्हटलं. "आम्ही उकळायचो."

"तेच तुम्ही जानेवारीत केलंत," ती म्हणाली. मग दोघी हसलो. मी जरा कमी हसले.

म्हणजे माझ्या बाजूचा निकाल लागलाच नाही. थोरलीच्या बाजूचाही नाही. एवढी मोठी काच, आणि कोणाच्या अंगावर काही टाकायला तयार नाही.

जायच्या आधी तिनं एक सांगितलं. भिंगरीचे आणि माझे जंतू ताडून बघितले तेव्हा काही अगदी तेच निघाले. नुसते एका जातीचे नव्हे, एकाच घराण्यातले. एका घरात राहणाऱ्या, एका अंथरुणात झोपणाऱ्या माणसांमध्ये असे सापडतात. वेगळं राहायला लागलं की हळूहळू विरळ होत जातात. भिंगरीचं पोट आजारानं पार उजाड झालंय, तरी त्यातले मूठभर अजून आहेत.

"माझे?" मी म्हटलं.

"असं म्हणता येत नाही. तुमच्याकडून तुमच्या मुलीला, आणि तिच्याकडून जन्मताना नातीला, असेही आले असतील. तिच्या आईचा नमुना असता तर कळलं असतं."

हे मला आवडलं नाही. पण खोटंही वाटलं नाही. थोरलीही माझ्याच अंथरुणात वाढली.

ती गेली. मोठं आतडं काढून फेकणार आहेत. त्याच्याबरोबर ते मूठभरही जाणार. सून म्हणाली, "आई, चहा करू?" मी म्हटलं, "कर." एरवी माझा मीच करते.

१३ मे

मी चाललेय. मला कोणी बोलावलेलं नाही. बोलावणं कशाला लागतं, मी काय लग्नाला चाललेय? मुलाला म्हटलं, उद्या सकाळच्या बसचं तिकीट काढ. तो म्हणाला, "थोरलीला विचारून घेऊ." मी म्हटलं, "विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि नाही म्हटल्यावर जाणं वाईट दिसतं. म्हणून विचारायचं नाही."

सून म्हणाली, "मी पिशवी भरते." टॉवेल, कपडे, गुडघ्याचं मलम, आणि न सांगता चार अंडी उकडून.

१४ मे

पोहोचले.

बारीक झालीय. चेहरा औषधांनी सुजलेला, हात काडीसारखे. दारातून बघितलं तर क्षणभर दुसऱ्या कोणाची खोली वाटली. मग ती म्हणाली, "आजी, तू नमुना धुऊन दिलास?" आणि हसायला लागली, हसता हसता पोट धरलं, दुखलं तरी हसतेय. शी-बाईच्या त्या जोडीदारणीनं सगळं सांगितलेलं दिसतंय. नियम म्हणे.

"हो दिला," मी म्हटलं. "तुझ्यासारखी गबाळी नाही मी."

थोरली खिडकीशी उभी होती. "न सांगता आलीस," म्हणाली.

"सांगून आले असते तर तू घर आवरत बसली असतीस."

मी भिंगरीच्या पायाशी बसले. तिनं पाय माझ्या मांडीखाली सरकवले, लहानपणी थंडीत सरकवायची तसे. बर्फासारखे पाय. मला उठायचं होतं, गुडघा अवघडला होता. उठले नाही.

१६ मे

आत नेलंय. थोरली आणि मी बाकावर.

मी म्हटलं, "शी-बाई म्हणते, गोळ्यांमुळे झालं असं सांगता येत नाही."

"माहितीय. मी पण फोन केला होता त्यांना."

"मग?"

ती समोरच्या दरवाज्याकडे बघत म्हणाली, "आई, तुझ्यावर नसतं ढकललं ना, तर ते माझ्यावरच येऊन पडलं असतं. तिचा कान दुखायचा तेव्हा मी कुठे होते?"

आता हे काय बोलणं! नोकरीवर होती, आणि कुठे असणार? सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "चहा निवतोय." तिनं तो घेतला आणि सगळा एकदम प्यायली, लहानपणी दूध प्यायची तसा.

बाहेर आणलं. शुद्धीवर येतेय.

२४ मे

पिशवी बदलायची असते. नर्स दाखवून गेली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली, म्हणाली, "सगळे बाहेर जा." थोरली गेली. मी नाही गेले.

"आजी, तू पण."

"मी आयुष्यभर अनोळखी लोकांचं धुतलं. तुझं बघून मला काय घेरी येणारे?"

"वास येतो."

"येतो. मग? फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवलं होतं मी माझं. तुझ्या मामीला विचार."

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती. मी कडेनं पट्टी उलगडली, नर्सनं सांगितलं तशी, कोमट पाण्यानं पुसलं, कोरडं केलं, नवीन लावली. हात चुकला नाही. मग ती वळली आणि म्हणाली, "आता ते तुझेवाले गेले ना. जंतू. बाईंनी सांगितलं होतं मला."

मी म्हटलं, "गेले तर गेले. झोप आता."

ती झोपली. माझा हात धरून. घामेजला होता तिचा हात, तो मी नंतरही बराच वेळ धुतला नाही. आळस केला, दुसरं काही नाही.

९ जून

थोरलीच्या घरी आहोत. भिंगरी थोडं चालते. काल खिडकीपर्यंत गेली, आज दारापर्यंत. दोनदा भांडली माझ्याशी, म्हणजे सुधारतेय.

मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते. कपडे पिशवीतच आहेत. सकाळी काढते, संध्याकाळी घडी करून पुन्हा आत ठेवते. थोरलीच्या कपाटात एक कप्पा रिकामा आहे, ते मी बघितलंय. बघितलंय म्हणून काही कोणी तो आपला समजत नाही. मुलगा फोनवर विचारतो, "घ्यायला कधी येऊ?" मी म्हणते, "बघू." थोरली तेव्हा ऐकत असते. काही म्हणत नाही. ‘राहा’ नाही, ‘जा’ही नाही. ऑफिसला जाताना फक्त म्हणते, "तिला दुपारचं दे." म्हणजे दुपारपर्यंत तर मी आहेच.

शी-बाईचा फोन आला. बरं वाटलं आवाज ऐकून. ऑपरेशननंतरही त्यांना वर्षभर नमुने हवे आहेत, भिंगरीचे आणि माझे, आणि थोरली तयार असेल तर तिचाही. मोठं आतडं गेल्यावर पोटात पुन्हा काय रुजतं, कोणाकडून रुजतं, ते बघायचंय म्हणाली. मग विचारलं, "आजी, तुम्ही आता एका घरात राहता असं धरू, की वेगळ्या? आमचा सगळा हिशोब त्यानं बदलतो."

मला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. भिंगरी आतून ओरडली, "एका! एका घरात म्हणून सांग!"

मी म्हटलं, "बाई, संध्याकाळी पुन्हा फोन करा. घरची मालकीण ऑफिसात आहे."

भिंगरी रुसून बसलीय. म्हणते, मी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तिला नाही कळणार. पोरीनं म्हटलं म्हणून राहायचं, किंवा आजारपण आहे म्हणून राहायचं, तसं राहण्यात मला राम नाही. आणि माझ्या तोंडानं तर मी मुळीच म्हणणार नाही.

सहा वाजता थोरली येईल. हातपाय धुऊ दे, चहा पिऊ दे. मग शी-बाईचा फोन वाजेल. भिंगरी, तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. मी उचलणार नाही. फोन थोरलीनं घ्यायचा, आणि उत्तरही तिनंच द्यायचं. हो असो की नाही, मला सोफ्यावर ऐकू येईल इतक्या मोठ्यानं द्यायचं.